शाळिग्रामाचे सोयरे

हिंगणघाटच्या शेजारच्या तालुक्याचे नाव समुद्रपूर. हे नाव ऐकून कोणी परगावचा मनुष्य लाटा पाहायला आला, तर त्याला कापूस, तूर आणि सोयाबीन पाहून परतावे लागेल! अरबी समुद्र घ्या की बंगालचा उपसागर घ्या, सरळ रेघ ओढली तरी आमच्यापासून पाचशे किलोमीटरांच्या आत खाऱ्या पाण्याचा थेंब नाही. आमची वणा नदी वर्धेला मिळते, वर्धा पुढे प्राणहिता होऊन गोदावरीला मिळते आणि गोदावरी समुद्राला. समुद्राशी आमचा प्रत्यक्ष संबंध काय तो एवढाच, आणि तोही एकतर्फी. पाणी येथून जाते, तेथून काही येत नाही. हिंगणघाट म्हटले की लोकांना कापूस आठवतो. इतिहासाची गोडी असलेल्यांना भारताच्या महामोजणीचा आरंभ करणारा विल्यम लॅम्बटन १८२३ साली येथे वारला, हे आठवते. समुद्र मात्र कोणालाच आठवत नाही.

असे असूनही समुद्रातील एका विलक्षण घराण्याचे दोन सोयरे आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदत आहेत. एक काष्ठौषधीच्या दुकानात बरणीत बसला आहे. दुसरा देवघरात, तुळशीपत्राखाली. या दोघांची आणि त्यांच्या गणगोताची वाचकांशी ओळख करून द्यावी, असे फार दिवस मनात होते. दिवाळीनंतर लगेच तुळशीचे लग्न येते, तेव्हा याहून चांगला मुहूर्त कोणता?

कुळाची ओळख

या कुळाचे शास्त्रीय मराठी नाव आहे शीर्षपाद, म्हणजे ज्यांचे पाय डोक्यालाच फुटले आहेत असे प्राणी. ऑक्टोपस ऊर्फ अष्टपाद या कुळातला, माकूळ या कुळातला, आणि शंखात राहणारा नॉटिलसही याच कुळातला. अष्टपादाला आठ बाहू. माकुळाला आठ बाहूंखेरीज भक्ष्यावर झडप घालणारे दोन लांब हात. नॉटिलसला तर नव्वदच्या घरात शुंडा! आज जगात या कुळाच्या सुमारे ८०० जाती जिवंत आहेत आणि त्या सगळ्या खाऱ्या पाण्यात राहतात. नदीत किंवा तळ्यात यांच्यापैकी एकही नाही.

मौज पुढेच आहे. हे प्राणी मासे नव्हेत. यांचे जवळचे भाऊबंद म्हणजे गोगलगाय आणि शिंपला. पावसाळ्यात आपल्या परसात कुंपणावरून सरपटणारी गोगलगाय आणि समुद्रात क्षणात रंग बदलून नाहीसा होणारा अष्टपाद ही एकाच मूळपुरुषाची लेकरे. एका भावाने घर पाठीवर घेऊन सावकाश चालण्याचे ठरवले. दुसऱ्याने काय केले, तीच या लेखाची कथा आहे.

बरणीतला सोयरा

आमच्या बाजारात काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन समुद्रफेन मागितला, की दुकानदार पांढरी, लांबोळी, वजनाला पिसासारखी हलकी वडी काढून देतो. नखाने खरवडली तर भुकटी पडते. आयुर्वेदात हिचा उपयोग सांगितला आहे. पोपट पाळणारे ती पिंजऱ्यात अडकवतात. पोपट तीवर चोच घासतो आणि त्याला चुनाही मिळतो. सोनार मंडळी काही ठिकाणी हिच्यात साचा कोरून दागिने ओततात.

नावावरून वाटते, की हा समुद्राचा वाळलेला फेस असावा. वास्तविक ती सेपिया नावाच्या माकुळाच्या पाठीतली ढाल आहे. ही ढाल चुन्याच्या शेकडो पातळ पापुद्र्यांची असते आणि पापुद्र्यांच्या मधल्या कप्प्यांत वायू व द्रव यांचे मिश्रण असते. द्रव काढून घेतला की प्राणी वर तरंगतो, भरला की खाली जातो. पाणबुडी बांधणाऱ्या माणसाने जी युक्ती काढली, ती या प्राण्याने कितीतरी आधी पाठीत वागवली होती. प्राणी मेला, मांस गळून गेले, म्हणजे ही हलकी ढाल तरंगत किनाऱ्याला लागते. वाळूवर ती फेसाशेजारी पडलेली दिसल्यावर जुन्या लोकांनी तिला समुद्रफेन म्हटले, यात नवल नाही.

पण पाठीतली ढाल पाठीच्या आत कशी? ढाल तर बाहेर असावी! उत्तर असे, की ती एके काळी बाहेरच होती. हा त्या घराण्याचा जुना शंख. हजारो पिढ्यांत तो लहान होत होत अंगाच्या आत गेला. माकुळाच्या दुसऱ्या शाखेत तो काचेसारख्या पारदर्शक पिसाएवढा उरला, आणि बहुतेक अष्टपादांत जवळजवळ नाहीसाच झाला.

कोकणात माकूळ हे नाव या दोन्ही शाखांना चालते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर होडीतून नुकताच उतरवलेला माकूळ मी पाहिला, तेव्हा त्याच्यात प्राण नव्हता, पण त्याच्या अंगावरचे तांबूस ठिपके अजून मिटत होते आणि उघडत होते. टोपलीतल्या त्या ढिगावर जणू वाऱ्याची झुळूक फिरत होती. कोळीण म्हणाली, "असं घटकाभर चालतं." तिला त्याचे काही वाटले नाही. आम्हा वऱ्हाड-नागपूरकडच्या माणसांना मात्र पाय उचलवेना. ते ठिपके म्हणजे रंगाच्या सूक्ष्म पिशव्या. प्रत्येकीला स्नायूंच्या दोऱ्या असतात. दोऱ्या ओढल्या की पिशवी पसरते आणि रंग दिसतो, सोडल्या की रंग लोपतो. सरडा रंग बदलायला वेळ घेतो. हे प्राणी पापणी लवायच्या आत बदलतात.

देवघरातला सोयरा

आता दुसऱ्या सोयऱ्याकडे वळू. शाळिग्राम नेपाळातल्या गंडकी नदीत सापडतो. मुक्तिनाथच्या वरच्या अंगाला काळ्या पाटीसारख्या दगडाचे थर आहेत. ते झिजतात आणि त्यांतले गोल, गुळगुळीत, काळे गोटे प्रवाहाबरोबर खाली येतात. काही गोटे फुटलेले असतात, आणि त्यांच्या पोटात चक्र दिसते. आतून बाहेर मोठे होत जाणारे, आडव्या वळ्यांनी नटलेले, कारागिराने कोरल्यासारखे चक्र.

हे चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या शीर्षपादाचा शंख. या प्राण्याचा शंख मेंढ्याच्या शिंगासारखा वळलेला असे, म्हणून मिसर देशातील आमोन या देवाच्या शिंगांवरून त्याचे नाव पडले. पाहा, तेथेही दगडात देवच दिसला! शंखाच्या आत पडदे घालून खोल्या केलेल्या असत. प्राणी शेवटच्या खोलीत राही आणि मागच्या खोल्यांत वायू भरून तरंगे. आजचा नॉटिलस असाच राहतो. अमोनाइटच्या दहा हजारांवर जातींची नोंद झाली आहे. काही नाण्याएवढ्या. १८९५ साली जर्मनीत मिळालेला एक शंख मात्र १.७ मीटरांहून रुंद आहे, म्हणजे बैलगाडीच्या चाकाहून मोठा.

गंडकीचे अमोनाइट सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचे. त्या वेळी हिमालय नव्हता. त्याच्या जागी टेथिस नावाचा समुद्र होता आणि आपला भारत दूर दक्षिणेला होता. मेलेले अमोनाइट त्या समुद्राच्या गाळात रुतले. पुढे भारत उत्तरेकडे सरकत जाऊन आशियाला भिडला आणि समुद्राचा तळ घडी पडून आभाळाला गेला. समुद्राच्या तळचा प्राणी यात्रेकरूंना डोंगरातल्या नदीत सापडतो तो यामुळे.

आपल्या पुराणांनीही या चक्राचा विचार केला होता. वज्रकीट नावाचा किडा दगड कोरून आत चक्र काढतो, अशी कथा आहे. किड्याने दगड कोरला नाही, तर प्राण्याभोवती दगड झाला, एवढाच फरक. दगडातली ही आकृती एका जिवाची करणी आहे, हे कथा रचणाराच्या नजरेने मात्र अचूक टिपले होते.

याच्या उलट गंमत पाहायची असेल, तर आमच्या जवळच गिरड आहे. तेथे शेख फरीद यांचा दर्गा असलेल्या टेकडीवर सुपारी-नारळासारखे गोल खडे सापडतात. फकिराची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल शापाने दगड झाला, अशी आख्यायिका आहे. भूशास्त्र सांगते, की लाव्हातले वायूचे बुडबुडे निघून गेल्यावर राहिलेल्या पोकळ्यांत झिओलाइट नावाची खनिजे साचली, तेच हे खडे. गिरडचा नारळ कधी झाडाला लागला नव्हता. शाळिग्राम मात्र खरोखरच एके काळी पोहत होता.

आत्याबाईंचा निवाडा

आमच्या घरचा शाळिग्राम आजोबांनी यात्रेहून आणला. त्याची एक बाजू टवका उडालेली आहे आणि तीतून अर्धे चक्र दिसते. आमच्या आत्याबाईंनी आयुष्यभर त्याची पूजा केली. एका वर्षी तुळशीच्या लग्नाला नागपुरास भूशास्त्र शिकणारा माझा पुतण्या आला होता. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टके व्हायची, आणि हे चिरंजीव हळूच म्हणाले, "आत्याआजी, हा नवरदेव म्हणजे गोगलगाईचा चुलतभाऊ आहे."

बायका गप्प झाल्या. आता काय होते, म्हणून मी श्वास धरून उभा. कारण प्रश्न पोरकट नव्हता. ज्याला नव्वदीच्या उंबरठ्यावरची बाई रोज आंघोळ घालते, ज्याच्यापाशी तिने आपली सारी दुःखे सांगितली, तो एक मेलेला समुद्रप्राणी आहे, हे तिला सांगावे की न सांगावे, हा शास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसापुढे नेहमीचा पेच होता.

आत्याबाईंनी शाळिग्राम हातात घेतला, उजेडाला धरला, आणि विचारले, "किती वर्षांचा म्हणतोस?"

"पंधरा कोटी."

"अन् पाण्यातला?"

"हो."

"मग बिघडलं काय रे? मत्स्य पाण्यातला, कूर्म पाण्यातला. तो कोणत्या रूपानं येईल हे काय तुला विचारून ठरवणार होता? काहून अक्षता हातात धरून उभा आहेस, टाक की."

लग्न लागले. त्यानंतर आत्याबाई आल्यागेल्याला तो टवका मुद्दाम दाखवू लागल्या. "आत खोल्या होत्या त्याला," असे त्या सांगत, आणि त्या सांगण्यात कुळाचा अभिमान असे. शास्त्र खरे सांगितल्याने श्रद्धा मोडते, असे मी पुष्कळ ठिकाणी ऐकतो. निदान आमच्या घरी तरी दगडाचे वय कळल्यावर त्याची आंघोळ चुकली नाही.

काळ्या मातीखालची गोष्ट

येथवर वाचून कोणी वणेच्या पात्रात शाळिग्राम शोधायला निघेल, म्हणून आधीच सांगतो, तेथे तो मिळणार नाही. नागपूर-वर्धा-चंद्रपूर या पट्ट्यात लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात शंख मिळतात, पण ते गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरास आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास असे जीवाश्म गोळा करून त्यांचे वर्णन छापले. अमोनाइट हवे असतील, तर कच्छला, तमिळनाडूतील अरियलूरला किंवा नर्मदेच्या खोऱ्यात बाघ येथे जावे. त्या जुन्या काळी समुद्राचा एक फाटा नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता.

तरीही अमोनाइटच्या कथेत हिंगणघाटला जागा आहे, आणि ती शेवटच्या अध्यायात आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनची जमीन फाटली आणि लाव्हाचे लोटामागून लोट आले. सह्याद्रीकडे त्यांची जाडी दोन किलोमीटरांवर गेली. आज पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख त्याखाली आहे आणि आमचे गाव त्याच्या पूर्वेच्या कडेजवळ वसले आहे. तो खडक कुजून आमची काळी माती झाली. त्या मातीने कापूस दिला, कापसाने गिरण्या आणल्या, बाजार आणला, आम्हाला भाकर दिली.

याच सुमारास आकाशातून एक प्रचंड पाषाण मेक्सिकोच्या किनाऱ्याशी येऊन आदळला. १९८० साली अल्वारेझ पितापुत्रांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा तर्क मांडला, आणि पुढे तेथे ते विवरही ओळखले गेले. पाषाणाचा हात किती आणि दख्खनच्या लाव्हाचा किती, यावर पंडितांचा वाद अजून चालू आहे. निकाल मात्र सर्वांना मान्य आहे. महाकाय डायनोसॉर गेले, आणि तीस कोटी वर्षांहून अधिक काळ समुद्रावर राज्य केलेले अमोनाइट निखालस बुडाले. एकही उरला नाही.

त्यांचाच शंखधारी भाऊ नॉटिलस कसा वाचला? शास्त्रज्ञांचा अंदाज असा, की अमोनाइटची पिले अगदी बारीक असत आणि समुद्राच्या वरच्या थरात तरंगत वाढत. तो थर विषारी आणि अन्नहीन झाला. नॉटिलस मोठी, बलकाने भरलेली अंडी घालतो, आणि त्याचे पिल्लू शिदोरी घेऊनच जन्माला येते. घरात दाणा साठवलेला असला म्हणजे एखादा दुष्काळ निघतो, हे आम्हा शेतकऱ्यांच्या मुलखाला समजावून सांगायला नको.

गड सोडला, गनिमी कावा उचलला

दिवाळीत मुले अंगणात किल्ले करतात. शंख म्हणजे असाच किल्ला. अमोनाइट अखेरपर्यंत किल्ल्यात राहिला आणि किल्ल्यासकट संपला. अष्टपादाच्या पूर्वजांनी मात्र फार आधीच किल्ला सोडला होता. अंगावर चिलखत नाही, काटा नाही, खवला नाही. सगळा समुद्र टपलेला. अशा वेळी काय करावे? जे सह्याद्रीच्या मावळ्यांनी केले, तेच! दिसू नये, दिसल्यास शत्रूच्या डोळ्यांत धूळ फेकावी, आणि अरुंद वाटेने निसटावे.

दिसू नये म्हणून कातडीचे रंग. धूळफेकीसाठी शाईची पिशवी. सेपियाच्या याच शाईने युरोपातील चित्रकारांनी तपकिरी चित्रे काढली. आणि निसटण्यासाठी हाडांवाचून अंग. अष्टपादाच्या देहात खरा कठीण अवयव म्हणजे पोपटासारखी चोच. ती जेथून जाईल तेथून सगळा देह जातो. २०१६ साली न्यूझीलंडमधील नेपिअरच्या मत्स्यालयातला इंकी नावाचा अष्टपाद रात्री टाकीच्या फटीतून बाहेर आला, फरशीवरून सरपटत गेला आणि सांडपाण्याच्या नळातून समुद्रात पसार झाला. आग्र्याहून सुटकेची आठवण मराठी माणसाला व्हायचीच!

पण गनिमी काव्याला सर्वांत जास्त लागते ती अक्कल. अष्टपादाला ५० कोटींच्या आसपास मज्जापेशी असतात आणि त्यांतल्या सुमारे दोनतृतीयांश बाहूंत असतात. प्रत्येक बाहू चाचपतो, चव घेतो, आणि बारीकसारीक निर्णय मेंदूला न विचारता करतो. हृदये तीन. दोन कल्ल्यांकडे रक्त ढकलतात, एक सर्वांगाला पुरवते. रक्त निळे, कारण त्यात लोहाऐवजी तांबे. डोळा थेट आपल्यासारखा, आणि तरी बहुतेकांना रंग ओळखता येत नाहीत. ज्याला रंग दिसत नाही, तो रंगाची अशी नक्कल कशी करतो, हे कोडे अजून पुरते उलगडलेले नाही.

माकुळाचे तर माणसावर ऋण आहे. त्याच्या अंगात एक मज्जातंतू जवळजवळ एक मिलिमीटर जाड असतो. १९३६ साली जे. झेड. यंग यांनी तो शास्त्रज्ञांच्या नजरेस आणला. आपले तंतू इतके बारीक, की त्या काळी त्यांत तार घालून मापणे अशक्य होते. या तंतूत ते जमले. हॉजकिन आणि हक्सले यांनी त्यावर प्रयोग करून मज्जातंतूतून संदेश कसा धावतो, त्याचा हिशेब मांडला. १९६३ साली त्यांना एकल्स यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. विंचू चावल्याची कळ पायातून डोक्यात कशी जाते, हे मनुष्याला माकुळाने शिकवले म्हणायचे.

आणि किल्ल्याची आठवण? ती पुरती गेलेली नाही. २००९ साली इंडोनेशियातील एका अष्टपादाविषयी शास्त्रज्ञांनी लिहिले. हा पठ्ठा माणसांनी टाकलेल्या नारळाच्या करवंट्या शोधतो, पोटाखाली धरून उंच टाचांवर चालल्यासारखा चालत नेतो, आणि धोका आला की दोन करवंट्या जोडून आत बसतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी घर टाकलेल्या कुळातला हा वंशज गरजेपुरते घर बरोबर घेऊन हिंडतो.

या हुशारीला एक उणे आहे. नॉटिलस वीस वर्षे जगतो, पण अष्टपाद बहुधा वर्ष-दोन वर्षांचाच सोबती. मादी एकदाच अंडी घालते, खाणे सोडून ती राखत बसते आणि पिले बाहेर पडण्याच्या सुमारास मरते. कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात सुमारे १,४०० मीटर खोलीवर शास्त्रज्ञांना २००७ साली अंड्यांवर बसलेली एक माता आढळली. ते पुनःपुन्हा खाली गेले, ती तेथेच होती. दरवेळी ती फिकट, रोड होत गेली, पण हलली नाही. तब्बल ५३ महिन्यांनी, २०११ साली, जागा रिकामी होती आणि अंड्यांची टरफले तेवढी खडकाला चिकटलेली होती. त्या आईने जे शिकले ते लेकरांना सांगायला ती राहत नाही. प्रत्येक पिल्लू जगाचा पहिला धडा एकट्यानेच गिरवते. बापजाद्यांचे अनुभव पुढच्या पिढीला मिळाले असते, तर हे प्राणी कोठल्या कोठे गेले असते!

ती सोय आपल्याला आहे. आजोबा गोटा आणतात, आत्या जपते, पुतण्या त्याचे वय सांगतो, आणि पुढचे पोर आणखी काही विचारील. तेव्हा वाचकहो, यंदा तुळशीच्या लग्नाला शाळिग्रामाची पूजा होईल, तेथे मुलाबाळांना जवळ घ्या. चक्र दिसत असेल तर दाखवा, आतल्या खोल्या समजावून सांगा. ज्या काळ्या मातीत आपण दाणा पेरतो, तिचा मूळ खडक होण्याच्या सुमारासच या नवरदेवाचे घराणे मावळले, हेही सांगा. आणि मग अक्षता टाका. तेवढ्याने मुहूर्त टळत नाही.